शिक्का वाचता आला पाहिजे: कोल्हापुरात नवीन आलेल्यांसाठी नोटरी तपासण्याची पद्धत

प्रवेशाचा शेवटचा दिवस, दुपारचे साडेतीन. कणकवलीहून आलेली एक मुलगी माझ्या टेबलासमोर गॅपचं, म्हणजे शिक्षणात खंड पडल्याचं, प्रतिज्ञापत्र घेऊन उभी होती. बाकी कागद चोख होते. प्रतिज्ञापत्रावरच्या गोल शिक्क्यात मात्र एक नाव आणि 'नोटरी' एवढा एकच शब्द. नोंदणी क्रमांक नाही, कार्यक्षेत्र नाही, नेमणूक कुठल्या सरकारची तेही नाही. "कुठं केलंस बाळ हे?" तर म्हणाली, स्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानात. बाहेर 'नोटरी दहा मिनिटांत' असा फ्लेक्स होता. वकील तिने पाहिलेच नव्हते. दुकानदाराने आधार कार्डाची झेरॉक्स आणि पैसे घेतले, आत गेला आणि शिक्का मारलेला कागद घेऊन बाहेर आला.

ती रडवेली झाली. तिला नीट ठिकाणी पाठवलं, कार्यालय बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी ती नवा कागद घेऊन धावत परत आली आणि प्रवेश झाला. महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरी करताना असे कागद मी पुष्कळ परत केले, आणि प्रत्येक वेळी नुकसान परत येणाऱ्याचं झालं, शिक्का मारणाऱ्याचं कधीच नाही. निवृत्त झाल्यापासून ओळखीतली नवीन मुलं फोन करून विचारतात, त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो आहे.

गरज आता वाढलीही आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांतली माणसं इथे कामाला येतात. त्यात विद्यापीठात येणारी मुलं आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला लागलेले वेगळेच. परक्या गावात माणूस पहिल्यांदा दिसेल त्या पाटीवर विश्वास ठेवतो.

आधी बघा, नोटरी लागतो का

ज्या कार्यालयाने कागद मागितला, तिथे एकच प्रश्न विचारा: "नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्रच पाहिजे, का साधं स्वयंघोषणापत्र चालेल?" बऱ्याच दाखल्यांसाठी शासनाने स्वयंघोषणापत्र आणि स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती स्वीकारायला सांगितलं आहे, तरी लोक सवयीने नोटरीकडे धावतात. काही प्रतिज्ञापत्रं तहसील कचेरीत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोरही होतात. सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, तेव्हा 500 रुपयांचा स्टॅम्प घ्यायला कोणी लावत असेल तर तो खर्च नक्की लागतो का हेही आधी विचारून घ्या.

जाहिरात हा पुरावा नव्हे

आपल्याकडचे बहुतेक सगळे नोटरी वकील असतात. नोटरी नियम, 1956 प्रमाणे नेमणुकीसाठी वकिलीची किमान 10 वर्षं लागतात. महिला आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गातल्या वकिलांना 7 वर्षं. आणि वकिलाला जाहिरात करून, पत्रकं वाटून किंवा दलाल ठेवून काम मिळवायला भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियम 36 ने मनाई आहे. वाजवी आकाराची नावाची पाटी चालते. 2008 पासून स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनदेचा क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढी मोजकी माहिती देता येते. जुलै 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांच्या ऑनलाइन जाहिरातींबद्दल कडक भूमिका घेतली आणि त्यानंतर विधिज्ञ परिषदेने राज्यांच्या परिषदांना कारवाई करायला सांगितलं.

म्हणून रिक्षाच्या पाठीवर 'घरपोच नोटरी, 24 तास' असं दिसलं की मी थांबून विचार करतो. हा माणूस खोटाच असेल असं माझं म्हणणं नाही. मोबाईलच्या नकाशावरची खूण कोणीतरी दुसऱ्यानेच टाकलेली असू शकते, फ्लेक्स दुकानदाराचा असू शकतो. पण ज्या जाहिरातीत वकिलाचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक नाही, नुसता मोबाईल नंबर आहे, तिथून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि 'फोटो पाठवा, नोटरी करून पाठवतो' म्हणणाऱ्याला तर सरळ नकार द्या. नोटरीचं कामच मुळी हे आहे की सही करणारा माणूस समोर होता, त्याची ओळख पटवली आणि त्याने शपथेवर सही केली. तुम्ही समोर नव्हता तर त्या कागदावरचं पहिलं वाक्यच खोटं ठरतं, आणि खाली सही तुमची असते.

एक फरक इथेच लक्षात घ्या. 'झेरॉक्स, पॅनकार्ड, भाडेकरार, नोटरी' अशी पाटी असलेला दुकानदार म्हणजे नोटरी नव्हे. तो टायपिंग करून देतो, स्टॅम्प आणून देतो, नोटरीकडे घेऊन जातो. इथवर ठीक आहे. धोका सुरू होतो तो दुकानातच सही-शिक्का मारलेले कागद तयार असले की. अशा वेळी शिक्का खऱ्या नोटरीचा असला तरी कागद कच्चाच.

पाच सेंटिमीटरचं वर्तुळ

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नोटरी नियमांतल्या नियम 12 प्रमाणे नोटरीचा शिक्का साधा, गोल आणि 5 सेंटिमीटर व्यासाचा असायला हवा. त्यात नोटरीचं नाव, नेमून दिलेलं कार्यक्षेत्र, नोंदणी क्रमांक, 'नोटरी' हा शब्द आणि नेमणूक करणाऱ्या सरकारचं नाव पाहिजे. पाचपैकी एक जरी नसलं तरी पुढे विचारा.

नाव वाचा आणि समोर बसलेल्या व्यक्तीच्या पाटीवरच्या नावाशी जुळवा. सोपं वाटतं, पण नवरा वकील आणि बायको नोटरी, किंवा नोटरी एक आणि टेबलावर बसलेला ज्युनिअर दुसरा, असं असतं. ज्युनिअरला ज्येष्ठांचा शिक्का मारता येत नाही. नेमणूक व्यक्तीची असते, ऑफिसची नाही.

कार्यक्षेत्राकडे फार कमी लोक बघतात. नोटरी अधिनियम, 1952 च्या कलम 3 प्रमाणे केंद्र सरकार देशासाठी किंवा देशाच्या एखाद्या भागासाठी नोटरी नेमू शकतं, तर राज्य सरकार राज्यासाठी किंवा राज्यातल्या एखाद्या भागासाठी. कोणाचं क्षेत्र एक तालुका असतं, कोणाचा जिल्हा, कोणाचं सबंध राज्य. शिक्क्यावर शेजारच्या जिल्ह्याचं नाव असलेला माणूस राजारामपुरीत टेबल टाकून बसला असेल तर विचारलंच पाहिजे. उलट, तुमच्या वडिलांनी चिपळूणला तिथल्या नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र कोल्हापुरात आणून दिलं तर त्याला हरकत नाही. काम नोटरीच्या क्षेत्रात झालं का, एवढंच बघायचं. कागद कुठे वापरला हा प्रश्न वेगळा.

शिक्क्यावर 'भारत सरकार' आहे की 'महाराष्ट्र शासन', हे वहीत टिपून ठेवा, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर अवलंबून आहे.

मुदत गोल शिक्क्यात असेलच असं नाही. बरेच नोटरी शेजारी दुसरा चौकोनी शिक्का मारतात, त्यात पत्ता आणि मुदत संपण्याची तारीख असते. व्यवसाय प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं, मग नूतनीकरण करावं लागतं. मी परत केलेल्या कागदांत मुदत संपलेल्यांची संख्या खोट्यांपेक्षा कितीतरी जास्त होती. ती माणसं लबाड नव्हती, नूतनीकरण राहून गेलेलं असायचं. पण परत जाणाऱ्या मुलाला त्याचा काय उपयोग?

प्रमाणपत्र मागायला लाजू नका

"वकीलसाहेब, कागद परगावी द्यायचाय, तिथे नोटरीची मुदत विचारतात. तुमचं प्रमाणपत्र एकदा बघू का?" एवढं नम्रपणे विचारलं की बहुतेक जण भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवतात. खऱ्या माणसाला राग येत नाही, हा माझा अनुभव. एका ज्येष्ठ वकीलबाईंनी तर "तुम्ही पहिलेच विचारणारे, बसा" म्हणून चहा मागवला होता. प्रमाणपत्रावरचं नाव, क्रमांक, क्षेत्र आणि मुदत शिक्क्याशी जुळवा.

त्याच वेळी दरफलक शोधा. नोटरीची फी नियम 10 मध्ये ठरवून दिलेली आहे आणि तो दर नोटरीने आपल्या ऑफिसच्या आत आणि बाहेर ठळकपणे लावायचा असतो. टायपिंग, स्टॅम्प पेपर आणि नोटरीची फी हे तीन वेगळे खर्च आहेत. दुकानात ते एकाच आकड्यात सांगतात. वेगळे करून विचारा, म्हणजे कशाचे किती ते कळतं.

यादीत नाव शोधणं

नोटरी अधिनियमाच्या कलम 6 प्रमाणे केंद्र आणि राज्य सरकारने दर वर्षी जानेवारीत आपापल्या नोटरींची यादी राजपत्रात प्रसिद्ध करायची असते. म्हणजे ही माहिती गुप्त नाही, ती लोकांसाठीच आहे.

शिक्का भारत सरकारचा असेल तर दिल्लीच्या विधी कार्य विभागाकडे बघा. केंद्राच्या नोटरींसाठी सप्टेंबर 2024 मध्ये स्वतंत्र पोर्टल सुरू झालं आहे, नोटरी डॉट जीओव्ही डॉट इन. पत्ता स्वतः टाईप करा, कोणी पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका. शिक्का महाराष्ट्र शासनाचा असेल तर मंत्रालयातला विधी व न्याय विभाग. नाव शोधताना आडनाव आधी, नाव आधी, इंग्रजी स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार असं सगळं करून बघा. कोल्हापुरात एकाच आडनावाची आणि एकाच नावाची माणसं ढिगाने सापडतात, म्हणून शेवटचा निवाडा नोंदणी क्रमांकावर करा.

नाव सापडलं नाही म्हणून लगेच खोटा ठरवू नका. केंद्राने अलीकडे महाराष्ट्रात मोठ्या संख्येने नवे नोटरी नेमले आहेत आणि जुन्या यादीत त्यांची नावं नसणार. अशा वेळी नेमणुकीचं प्रमाणपत्र बघायचं. तरीही शंका राहिली आणि काम मोठं असलं तर माहिती अधिकारात अर्ज करा: अमुक नोंदणी क्रमांकाच्या नोटरीचं नाव, कार्यक्षेत्र आणि प्रमाणपत्राची मुदत द्यावी. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. राज्याचा अर्ज ऑनलाइनही करता येतो. उद्याच्या प्रवेशाला याचा उपयोग नाही हे खरं, पण जमिनीच्या किंवा वारसाच्या कागदाला महिनाभर थांबायची तयारी ठेवावी.

वकिलीची सनद पडताळायची असेल तर महाराष्ट्र आणि गोवा वकील परिषदेकडे चौकशी करता येते. सनद असणं आणि नोटरी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक वकील नोटरी नसतो, आणि 'ॲडव्होकेट' पाटी बघून नोटरी गृहीत धरणारे रोज भेटतात.

रजिस्टर आणि पावती

हीच खरी कसोटी. बनावट शिक्का कोणीही बनवून घेईल, पण रजिस्टर बनावट ठेवणं अवघड.

प्रत्येक नोटरीने ठरावीक नमुन्यात नोंदवही ठेवायची असते. तिच्यात अनुक्रमांक, तारीख, काम काय केलं, कोणासाठी, फी किती, आणि त्या माणसाची सही असते. तुम्ही सही केल्याशिवाय उठू नका. विसरले असतील तर आपण होऊन म्हणा, "मॅडम, रजिस्टरला माझी सही राहिली." मग नोंदीचा अनुक्रमांक आणि तारीख तुमच्या कागदावर लिहून घ्या. शिक्क्याखाली तो लिहायची रीत असते, तेव्हा तुमच्या कागदावर आहे ना बघा. पुढे कोणी 'हा कागद आमच्याकडे झालाच नाही' म्हटलं तर हा अनुक्रमांकच तुमच्या बाजूने बोलतो.

फीची पावती देणं नोटरीला बंधनकारक आहे. पावती मागितल्यावर कुरबुर करणाऱ्याकडून काम करून घेऊ नये, मग तो कितीही स्वस्तात देवो. रजिस्टरमध्ये वरच्या चार ओळी रिकाम्या सोडलेल्या दिसल्या तरी मी काम न करता उठतो. त्या ओळी मागची तारीख टाकायला ठेवलेल्या असतात.

सही तिथेच, त्यांच्या समोर करा. ओळखपत्र मूळ न्या. कोऱ्या जागा असलेल्या कागदावर शिक्का घेऊ नका. अनेक पानं असतील तर प्रत्येक पानावर सही-शिक्का आहे का, खाडाखोडीवर नोटरीची छोटी सही आहे का, हे बाहेर पडायच्या आधी बघायचं. घरी गेल्यावर सापडलं की पुन्हा पाच किलोमीटरची चक्कर.

नोटरी खरा, पण काम त्याचं नाही

हे लिहिताना मला त्रास होतो, कारण ही गोष्ट आमच्या घरातली आहे. माझ्या चुलत भावाने उपनगरात दीड गुंठ्याची जागा घेतली. नोटरी खरे होते, शिक्का बरोबर, रजिस्टरला नोंद, पावतीसुद्धा. तीन साक्षीदार. सगळं तपासलं होतं. फक्त एवढंच की खरेदी नोटरी करून होत नाही. नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 17 प्रमाणे स्थावर मिळकतीचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. भावाचं नाव सातबाऱ्याला लागलं नाही. विकणाऱ्याने ती जागा पुढे दुसऱ्याला रीतसर दस्त करून विकली. भाऊ अजून तारखांना जातो आहे.

म्हणून नोटरीची पात्रता बघताना त्याचा अधिकार कुठवर आहे हेही बघा. नोटरी मजकुराच्या खरेपणाची हमी देत नाही. अमुक माणसाने माझ्यासमोर सही केली एवढंच तो सांगतो. 'गुंठेवारीची जागा, नोटरीवर मिळेल' ही जाहिरात दिसली की पुढे वाचूच नका.

भाड्याने राहायला येणाऱ्यांसाठी: 'अकरा महिन्यांचा आहे, नोटरी चालते' हे वाक्य तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे. अकरा महिन्यांना सूट नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि करार नोंदवलेला नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. मालकांना हे शांतपणे सांगितलं की बरेचसे ऐकतात.

लग्न किंवा घटस्फोट नोटरीसमोर होत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राच्या विधी कार्य विभागाने नोटरींना असे दस्त करू नका म्हणून लेखी कळवलं आहे. भारतात राहणाऱ्याला आपल्या वतीने दुय्यम निबंधकाकडे दस्त सादर करायला कोणाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं असेल, तर तेही निबंधकासमोरच प्रमाणित करून घ्यावं लागतं.

जागेवर गोंधळ होऊ नये म्हणून

'कोर्टाजवळ' म्हटल्यावर रिक्षावाला विचारेल, जुनं का नवं? जुनी इमारत सीपीआर रुग्णालयासमोर, भाऊसिंगजी रोडला, तिथे आता सर्किट बेंच आहे. जिल्हा न्यायालय कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात. जिल्हाधिकारी कार्यालय नागाळा पार्कात. या तिन्हीच्या आसपास काम होतं. रस्त्यात "काय पाव्हणं, ॲफिडेव्हिट करायचंय काय, या हिकडं" असं म्हणून कोणी हाताला धरून नेऊ लागला तर हसून पुढे चला. शक्यतो सकाळी जा, म्हणजे चूक निघाली तर दुरुस्त करायला त्याच दिवशी वेळ मिळतो.

फसवणूक झालीच तर

इथे दोन वाटा आहेत. माणूस नोटरी नसताना नोटरी म्हणून वावरत असेल तर नोटरी अधिनियमाच्या कलम 12 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्यासाठी आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, तासातासाने फरक पडतो.

माणूस खरा नोटरी असेल पण त्याने गैरवर्तन केलं असेल, म्हणजे तुम्ही समोर नसताना शिक्का मारला, मागची तारीख टाकली, पावती नाकारली, तर तक्रार नेमणूक करणाऱ्या सरकारकडे करायची. नोटरीने आपलं काम करताना केलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालय सरकारने अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी फिर्यादीवरच घेतं, असं कलम 13 सांगतं. त्यामुळे विभागाकडे जाणं टाळता येत नाही. नियमांत तक्रारीचा नमुना क्रमांक 13 दिलेला आहे. त्यात घडलेली गोष्ट तारखेनुसार लिहा, कागदाची प्रत, शिक्क्याचा जवळून काढलेला स्पष्ट फोटो, पावती किंवा मोबाईलवरून पैसे दिल्याचा पुरावा, आणि जाहिरात बघून गेला असाल तर त्या जाहिरातीचा फोटोही जोडा. फ्लेक्स उतरवायला एक रात्र पुरते, म्हणून तो फोटो सगळ्यात आधी काढून ठेवा. मूळ कागद कोणालाही देऊ नका, अर्ज स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच त्याच फायलीत लावा.